खतावणीत नसलेले नाते
पदवीनंतर दुरावलेले सहाध्यायी आणि त्यांच्यापर्यंत परत जाण्याची वाट

व्यापारी घराण्यातील नात्यांच्या तिथी वर्षाच्या आरंभीच ठरलेल्या असतात. बहिणीसाठी भाऊबीज असते. सोयऱ्याधायऱ्यांच्या भेटी लग्नसराईत होतात. दिवाळीच्या वहीपूजनाला ग्राहक, आडते आणि दलाल पेढीवर येऊन जातात, आणि संवत्सरीला वर्षभरातील कमीजास्त बोलण्याची क्षमा मागून मने स्वच्छ केली जातात. समाजाने या प्रत्येक नात्याला निमित्त बांधून दिले आहे. त्यामुळे माणूस कितीही व्यग्र असला, तरी वर्षातून एकदा तरी ते नाते त्याच्या दारात येऊन उभे राहते. महाविद्यालयात तीन-चार वर्षे शेजारच्या बाकावर बसलेल्या सोबत्यासाठी मात्र अशी एकही तिथी नाही. तो रक्ताचा नसतो, व्यवहारातला नसतो, पुष्कळदा गावचाही नसतो. त्याचे नाव कीर्दीत येत नाही, खतावणीत त्याचे पान नसते. म्हणूनच हे नाते तुटत नाही, तर कोणाच्याही ध्यानात न येता थांबते.

चाळीस वर्षांपूर्वी पदवी घेतलेली पिढी आज साठीच्या आसपास आहे. पेढीची सूत्रे मुलांच्या हाती जाऊ लागली आहेत, दुपारचा थोडा वेळ मोकळा मिळू लागला आहे. कपाटातील जुने समूहछायाचित्र बाहेर निघते आणि मागच्या रांगेतला तिसरा कोण, हे आठवेनासे होते. या वयात सहाध्यायांचा शोध सुरू होतो तो केवळ हौसेपोटी नव्हे. त्यामागे एक खरी गरज असते, आणि ती वेळीच ओळखलेली बरी.

गादीवर बसलेले पदवीधर

महाराष्ट्रातील व्यापारी मुलांच्या शिक्षणाची वाट मोठ्या शहरांतून गेली. मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ मध्ये निघाले. ते आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय मानले जाते. माटुंग्याचे पोदार महाविद्यालय १९४१ मध्ये आणि पुण्याचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ मध्ये सुरू झाले. गावाकडून येणाऱ्या मुलांच्या राहण्याजेवण्याची चिंता समाजाने वाहिली. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने कोल्हापूर, सांगली अशा गावी बोर्डिंगे चालवली. आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजींच्या प्रेरणेतून उभे राहिलेले मुंबईचे श्री महावीर जैन विद्यालय १९१५ पासून विद्यार्थ्यांचे दुसरे घर झाले. भुसार व्यापाऱ्याचा मुलगा, सराफाचा मुलगा आणि गावोगाव फेरी करून कापड विकणाऱ्याचा मुलगा तेथे एका पंगतीत जेवले. कोणाच्या वडिलांची पत किती, हे त्या पंगतीत कोणी विचारले नाही.

शेवटचा पेपर झाला आणि बहुतेकांच्या वाटा आठवड्याभरात फुटल्या. नोकरदार घरातील मुलगा नोकरी शोधत शहरात राहिला. व्यापाऱ्याचा मुलगा ट्रंक घेऊन गावी परतला आणि दुसऱ्या सोमवारी दुकानाच्या गादीवर बसला. निकालाचा कागद टपालाने आला तेव्हा त्याच्या हाती उधारीची वही होती. पहिली दोन-तीन वर्षे आंतर्देशीय पत्रे येत-जात राहिली. पुढे लग्न, वेगळी चूल, नवे दुकान, मुलांच्या शाळा या धबडग्यात उत्तर द्यायचे राहिलेले एक पत्र तसेच राहून गेले.

या पिढीचा संपर्क तुटण्यामागे साधनांचीही अडचण होती. घरी दूरध्वनी येण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि परगावचा कॉल म्हणजे काही तातडीचे असणार, अशी समजूत होती. देशातील पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. त्याआधी पदवी घेऊन पांगलेल्या मुलामुलींकडे एकमेकांचा केवळ पत्ता होता, आणि पत्ता भाड्याच्या घराबरोबर बदलत गेला.

व्यवहार थांबलेले खाते

इतक्या वर्षांनी या नात्यात काय शिल्लक असणार, ही शंका व्यवहारी मनाला येते. बँकेचा एक नियम येथे आठवण्याजोगा आहे. ज्या खात्यात दोन वर्षे खातेदाराने कोणताही व्यवहार केला नाही, ते निष्क्रिय समजले जाते. दहा वर्षे रक्कम तशीच पडून राहिली, तर ती रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीकडे वर्ग होते. तरीही ठेवीदाराचा हक्क बुडत नाही. ओळख पटवून मागणी केली, की बँकेला ती रक्कम द्यावी लागते. सहाध्यायांच्या नात्याचेही पुष्कळसे असेच आहे. व्यवहार थांबलेला असतो, ठेव शाबूत असते.

हे केवळ भावनेचे बोलणे नाही. डॅनियल लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात कंपन्यांतील अनुभवी अधिकाऱ्यांना सांगण्यात आले, की ज्यांच्याशी किमान तीन वर्षे बोलणे झालेले नाही अशा जुन्या परिचितांकडे आपल्या चालू कामाबद्दल सल्ला मागा. तो सल्ला रोजच्या सहकाऱ्यांच्या सल्ल्याच्या तोडीचा, आणि नवेपणात त्याहून सरस ठरला. कारण साधे आहे. रोज भेटणाऱ्या माणसांना आपल्याइतकेच ठाऊक असते. दूर गेलेल्या मित्राने मधल्या काळात वेगळे जग पाहिलेले असते, आणि जुना विश्वास असल्यामुळे ओळखीपासून आरंभ करावा लागत नाही.

प्रकृतीच्या दृष्टीनेही हा विचार महत्त्वाचा आहे. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ मध्ये २६८ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची निवड करून त्यांच्या आयुष्याचा अभ्यास सुरू झाला. पुढे बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतील मुलांचा गटही त्याला जोडला गेला. मूळचे सर्व जण पुरुष होते; नंतर त्यांच्या पत्नी आणि मुलेही अभ्यासात आली. ऐंशी वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या कामाचे प्रमुख रॉबर्ट वॉल्डिंगर यांनी एक निष्कर्ष वारंवार मांडला आहे: पन्नाशीत जे आपल्या नात्यांबद्दल समाधानी होते, तेच ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी आढळले, कोलेस्टेरॉलच्या आकड्यांवरून हा अंदाज तितका बांधता आला नाही. नाती म्हणजे येथे केवळ कुटुंब नव्हे. मित्रही त्यात आले.

व्यापाऱ्याला मित्रांची वाण पडते ती एका खास कारणाने. त्याच्याभोवती माणसे पुष्कळ असतात, परंतु जवळजवळ प्रत्येकाशी काहीतरी देणेघेणे असते. भावाशी भागीदारी असते, मेव्हण्याशी उधारी असते, शेजारच्या दुकानदाराशी स्पर्धा असते. धंद्यातली भीती यांपैकी कोणाजवळ बोलावी? बाजारात ती बोलली तर पत जाते, घरी बोलली तर झोप जाते. ज्याला आपल्या पतीशी कर्तव्य नाही आणि जो आपल्याला वडिलांच्या दुकानाआधीपासून ओळखतो, असा श्रोता बहुधा सहाध्यायांतच सापडतो.

पुण्यातील दोन मित्र

महाविद्यालयीन मैत्रीतून काय उभे राहू शकते आणि ती कशी दुखावते, याचा धडा महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे दोघेही जुलै १८५६ मध्ये जन्मले. वयात अवघ्या काही दिवसांचे अंतर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८७९ च्या सुमारास त्यांची मैत्री जुळली. सरकारी नोकरीच्या मागे न लागता देशासाठी शिक्षणाचे काम करायचे, हा निश्चय त्यांनी विद्यार्थिदशेतच केला. त्यातून न्यू इंग्लिश स्कूल, केसरी आणि मराठा ही पत्रे, डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज अशी कामे उभी राहिली. कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले.

पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर मतभेद विकोपाला गेले. आगरकरांनी केसरी सोडला आणि १८८८ मध्ये सुधारक काढला. टिळक १८९० मध्ये सोसायटीतून बाहेर पडले. दोन्ही पत्रांतून एकमेकांवर कठोर टीका झाली. १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले तेव्हा ते चाळिशीचेही नव्हते. टिळकांनी केसरीत त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. मृत्यूसमोर लहानसहान मतभेद विसरले जातात आणि जुन्या आठवणींनी लेखणी गोंधळून जाते, असा त्याचा आशय होता.

तत्त्वासाठी झालेला तो वियोग मोठ्या माणसांचा होता. सामान्य माणसांच्या मैत्रीत पडलेली फूट बहुधा इतक्या मोठ्या कारणाची नसते. लग्नाची पत्रिका पोहोचली नाही, उसने दिलेले पैसे वेळेवर परतले नाहीत, निवडणुकीच्या दिवसांत गटावर कोणी टोचून लिहिले, एवढ्यावर माणसे वीस वर्षे अबोला धरतात. मृत्युलेखात जे लिहावेसे वाटते, ते जिवंतपणी सांगण्याची सोय दूरध्वनीने करून ठेवली आहे, हे विसरून चालणार नाही.

छायाचित्रात आहेत, मेळाव्यात नाहीत

रौप्य किंवा सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यांच्या बातम्या आता नेहमी वाचायला मिळतात. फेटे, सत्कार, गाणी, गुरुजनांचा सन्मान हे सारे हृद्य असते. तरीही मेळाव्याचे खरे मोल कोण आले यापेक्षा कोण आले नाही, हे पाहण्यात आहे. न येणाऱ्यांत तीन प्रकारची माणसे पुन्हापुन्हा दिसतात.

पहिल्या आहेत वर्गातील मुली. विवाहानंतर त्यांचे आडनाव बदलले, गाव बदलले. अनेक घरांत त्या काळी पहिले नावही बदलले जाई. महाविद्यालयाच्या पटावर ‘कुमारी’ म्हणून नोंदलेली विद्यार्थिनी अशा रीतीने कागदावरून नाहीशी झाली. पदवी वर्गात पहिल्या क्रमांकाने मिळवलेली मुलगी आज कोणत्या गावी, कोणत्या नावाने राहते, हे वर्गातील कोणालाच माहीत नसते. तिला शोधायचे तर तिच्या माहेरच्या गावी विचारावे लागते. भाऊ किंवा भावजय बहुधा दुवा ठरते. सापडल्यावरही निमंत्रण शक्य तर वर्गमैत्रिणीने द्यावे आणि ते पतीसह, सुनेसह असावे. मग घरात कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही, आणि तिलाही संकोच वाटत नाही.

दुसरा आहे धंद्यात बसलेला मित्र. एकेकाळी त्याच्या पेढीचे नाव होते. नंतर भाव कोसळले, कर्ज थकले, दुकान विकावे लागले. तो गटावर काही लिहीत नाही. मेळाव्याची तारीख कळली, की त्या दिवशी त्याला परगावी काम निघते. इतरांच्या मोटारी, मुलांच्या परदेशी पदव्या आणि नव्या बंगल्यांची छायाचित्रे पाहून तो आणखी आत जातो. व्यापारी समाजात पैसा गेल्याचे दुःख पैशापुरते राहत नाही, ते तोंड दाखवण्याच्या लाजेपर्यंत पोहोचते. अशा मित्राला सार्वजनिक निमंत्रण पुरत नाही. दोघांनी त्याच्या घरी जावे, चहा घ्यावा, जुन्या गोष्टी काढाव्यात आणि धंद्याचा विषय त्याने काढल्याशिवाय काढू नये.

तिसरा आहे देणेघेणे राहून गेलेला. मित्राला उसने दिले आणि ते परत आले नाही, किंवा त्याच्या शब्दावर कोणी रक्कम गुंतवली आणि बुडाली. येथे दोन्ही बाजूंनी अपराधी भाव असतो: घेणाऱ्याला देता आले नाही म्हणून, देणाऱ्याला मागितले म्हणून. रक्कम सोडून देण्याजोगी असेल, तर ती सोडली असे स्पष्ट शब्दांत कळवणे हेच उत्तम. मनात सोडलेली बाकी समोरच्याला दिसत नाही. रक्कम मोठी असेल, तर तिसऱ्या विश्वासू मित्रासमोर हप्ते ठरवावेत आणि मैत्री त्या कागदापासून वेगळी ठेवावी.

गटाची शिस्त

व्हॉट्सॲपने शोध सोपा केला. नाते टिकवण्याचे काम मात्र माणसांवरच सोडले. पहिल्या महिन्यात गटावर उत्साहाला भरती येते. सहा महिन्यांत सुप्रभाताची फुले, औषधांचे घरगुती उपाय आणि राजकारण यांनी पडदा भरून जातो, आणि ज्यांना खरोखर काही सांगायचे आहे ते गप्प होतात. काही साधे नियम पाळणारे गट वर्षानुवर्षे टिकतात.

एका माणसाने, किंवा आळीपाळीने दोघांनी, सूत्र हाती घ्यावे. सर्वांची एक यादी करावी: पूर्वीचे नाव, आताचे नाव, गाव, दूरध्वनी, आणि घरातील आणखी एका व्यक्तीचा क्रमांक. हा दुसरा क्रमांक अत्यंत उपयोगी पडतो, कारण आजारपणात मूळ क्रमांक बंद असतो. गटावर विमा, जमीन, गुंतवणूक योजना यांचा प्रचार करू नये. ज्याला विचारायचे आहे तो स्वतंत्रपणे विचारेल. मित्राचा मित्र म्हणून कोणाला पैसे गुंतवायला लावले आणि ते बुडाले, तर साऱ्या वर्गाचा विश्वास बुडतो.

मेळाव्याची तारीख दरवर्षी एकच ठेवावी, म्हणजे ती नात्याची तिथीच होऊन जाते. मार्चअखेर, पर्युषण, दिवाळी आणि लग्नसराई टाळावी. भोजन सूर्यास्तापूर्वी आटोपेल असा कार्यक्रम आखला, म्हणजे चौविहार पाळणाऱ्यांना मध्येच उठावे लागत नाही. खर्चाची वर्गणी सर्वांना पेलेल इतकीच असावी. ज्यांना अधिक देण्याची इच्छा आहे, त्यांनी ते सूत्रधाराकडे गुपचूप द्यावे. अडचणीतील मित्राच्या मुलाचे शुल्क किंवा रुग्णालयाचे बिल त्यातून भागवता येते. गुप्तदानाची परंपरा जपणाऱ्या समाजाला ही रीत शिकवण्याची गरज नाही. ती मित्रांपर्यंत नेण्याची तेवढी आठवण हवी.

फोन करायचा तर इतक्या वर्षांनी समोरच्याला काय वाटेल, हा संकोच आड येतो. पेगी लियू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की अचानक विचारपूस केल्याने समोरच्याला किती आनंद होईल, याचा अंदाज माणसे नेहमी कमीच बांधतात. विचारपूस जितकी अनपेक्षित, तितके तिचे अप्रूप अधिक.

मुलांनी न पाहिलेले वडील

या नात्याचा आणखी एक वारसा आहे, आणि तो मुलांसाठी आहे. मुले वडिलांना पाहतात ती गल्ल्यावर बसलेले, हिशेबाला कडक, बोलायला थोडके अशी. आईला पाहतात ती घराच्या कामात गुंतलेली. वडील कधीकाळी वक्तृत्वस्पर्धेत उभे राहिले होते, खानावळीच्या आमटीवरून त्यांनी संप घडवून आणला होता, शुल्क न भरता आलेल्या सोबत्यासाठी स्वतःची सायकल विकली होती, या गोष्टी घरात कोणाला माहीत नसतात. त्या माहीत असतात ते फक्त सहाध्यायांना. बारावे-तेरावे आटोपल्यावर एखादा अपरिचित वृद्ध भेटीला येतो, अर्धा तास बोलतो, आणि मुलांना आपल्या वडिलांचे एकविसावे वर्ष प्रथमच दिसते. असा माणूस कुटुंबाच्या यादीत नसेल, तर त्याला निधनाची वार्ताही कळत नाही, आणि ती आठवण त्याच्याबरोबरच जाते.

म्हणून जुन्या समूहछायाचित्राच्या पाठीमागे आजच पेन्सिलीने नावे लिहून काढावीत. पुढच्या रांगेपासून आरंभ करावा, मुलींची माहेरची नावे लिहावीत, जे आठवत नाहीत त्यांच्या जागी रेघ सोडावी. पाच-दहा नावे तरी लगेच आठवतील. त्यांपैकी एकाला फोन करून उरलेली विचारावीत. रिकाम्या रेघा भरता भरता जो सर्वांत शेवटी सापडेल, त्याच्याकडे सर्वांत आधी जावे.